रपट्यावरचे नऊ जण

आमच्या ऑफिसात सकाळी पोहे येतात आणि पोहे खाता खाता माणसं मोजली जातात. मेलेली माणसं. एका हातात कागदावरचे पोहे, त्यावर शेव, त्यावर जिरावन मसाला, दुसऱ्या हातानं स्क्रीन खाली सरकवत एखादा ओरडतो, "ए, ये वाला मस्त है, पूरा गाँव गया!" मस्त म्हणजे नोंद पक्की, डोकेफोड नाही. पहिल्या आठवड्यात मला खरोखर मळमळलं होतं. पुढे मळमळणं थांबलं, त्याची मला जास्त किळस आली.

मी शाळेत शिकवत होते. निवृत्त झाल्यावर घरी बसून आईशी वाद घालण्यापेक्षा बरं, म्हणून हे काम धरलं. इंदूरच्या तुकोगंजात दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे आणि खालून दिवसभर दात कोरल्याचा आवाज येत असतो. परदेशातल्या एका संस्थेला जगभरात आजवर आलेल्या आपत्तींची एक मोठी यादी करायची आहे. भूकंप, पूर, वादळं, दुष्काळ, साथी, सगळं. त्यांनी जगाचे तुकडे पाडून कामं वाटली, आणि आमच्या भागातल्या जुन्या घटनांचा तुकडा आमच्या वाट्याला आला. जुनी वर्तमानपत्रं, सरकारी अहवाल, मदतकार्याचे कागद वाचायचे आणि त्यातलं मरण तक्त्यात भरायचं. ऑफिसातली पोरं टायपिंगमध्ये तरबेज आहेत, पण जुनं छापील वाचायचं म्हटलं की त्यांचे चेहरे उतरतात. आमच्या मराठी घरांतली पोरंसुद्धा मराठी मजकूर पुढे आला की "मॅडम, जरा देखो ना" म्हणून माझ्याकडे सरकवतात. म्हणून मी तिथं आहे.

हे काम करताना एक गोष्ट कळली. आपत्ती किती मोठी होती, हे ती कोणी लिहिली त्यावर ठरतं. सरकारी अहवालात माणसं नेहमी थोडी मरतात आणि ब्लँकेटं पुष्कळ वाटली जातात. वर्तमानपत्रात पहिल्या दिवशी 'सैकड़ों' मरतात, दोन दिवसांनी आकडा निम्मा होतो, आणि आठवड्याच्या आत त्या जागेवर साड्यांच्या सेलची जाहिरात असते. विमा कंपन्यांच्या कागदांत फक्त विमा उतरवलेलं जग बुडतं; झोपड्या गेल्या तर त्यांच्या लेखी नदी तिथून गेलीच नाही. संस्थानी काळातल्या एका कागदात पुरात वाहून गेलेल्या हत्तीचं नाव मला सापडलं, त्याच्या माहुताचं नाही सापडलं. माझे पूर्वज दरबारात कारकुनीच करत होते, तेव्हा ते हस्ताक्षर आमच्याच घरातल्या कुणाचं असलं तरी मला नवल वाटणार नाही.

आणि या सगळ्यावर ती रेषा. संस्थेचा नियम असा की मृतांचा आकडा दोन आकडी झाला तरच ती आपत्ती. दहा मेले तर जगाच्या यादीत जागा, नऊ मेले तर काही घडलंच नाही. कुठंतरी रेघ ओढावी लागते हे मलाही समजतं; शाळेत मीही एका गुणासाठी मुलांना नापास केलं आहे. पण नापास झालेल्या मुलाला निदान पुढच्या वर्षी पुन्हा बसता येत होतं.

आता माझ्या ताईचं सांगते. माझी मोठी बहीण. पंचवीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. जिजाजींची बदली तेव्हा महूच्या पलीकडच्या एका गावी झाली होती. भाद्रपदात ताई गौरी-गणपतीला माहेरी आली होती. विसर्जन झालं तरी पाऊस उघडेना. आई म्हणाली, दोन दिवस थांब. पण जिजाजींनी शेजारच्यांच्या फोनवर निरोप ठेवला की जेवणाचे हाल होताहेत. एका माणसाच्या वरण-भातासाठी ताई भर पावसात निघाली. सियागंजच्या बाजारातून घेतलेली नवी विळी तिनं वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत ठेवली होती. महूहून तिनं सवारी जीप धरली. वाटेत नाल्यावर रपटा होता. रपटा म्हणजे बिनकठड्याचा ठेंगणा पूल, पुराचं पाणी वरून जाऊ देण्यासाठीच बांधलेला. पाणी वरून जात होतं. ड्रायव्हरला वाटलं, निघून जाऊ. त्या पाण्यानं जीप नेली आणि काठावरच्या झोपड्याही नेल्या.

दुसऱ्या दिवशी एक पुढारी छत्रीखाली उभे राहून म्हणाले, "छोटी-सी दुर्घटना है, प्रशासन मुस्तैद है।" ते छापून आलं. आमच्या आईनं बाकी सगळं विसरायचा प्रयत्न केला, काही विसरलीही, पण ते 'छोटी-सी' तिच्या घशात अडकलं ते अडकलंच. कोणाच्या घरी कोणी गेलं, कुठं गाडी उलटली, काही कानावर आलं की ती विचारते, "मोठी होती का छोटीशी?" आणि उत्तराची वाट न बघता आत निघून जाते.

मी हे काम घेतलं तेव्हा आईनं ते नीट समजून घेतलं. आता ती ऐंशीच्या पुढे आहे आणि तिला दिसतं कमी, पण डोकं शाबूत आहे. म्हणाली, "म्हणजे जगाची यादी बनवून राहिले आहेत न? मग त्यात घाल न तिला. एकदा जगाच्या यादीत आली की कोणी छोटीशी नाही म्हणू शकणार." मी म्हटलं, त्या वर्षाचे कागद आले की बघते. तेव्हापासून रोज संध्याकाळी मी चपला काढत असतानाच तिचा प्रश्न यायचा, "पोचली का गं?" जणू ताई अजून त्या जीपमध्येच होती.

यंदा पावसाळा संपता संपता त्या वर्षाची वर्तमानपत्रं स्कॅन होऊन आमच्याकडे आली. दोन पत्रांत त्या पुरातल्या मृतांची नावं होती. मी दोन्ही याद्या एकत्र केल्या आणि खाली बघितलं. दहा. मला आनंद झाला. आपल्या बहिणीच्या मरणाची भर पडून आकडा पुरेसा झाला याचा मला आनंद झाला, इतकी मी त्या ऑफिसातली झाले होते. मग मी नावं वाचली. एका यादीत ताईचं माहेरचं नाव होतं, दुसऱ्या यादीत सासरचं.

आमच्यात लग्नात मुलीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्यानं त्यात अंगठीनं नवं नाव लिहायचं, पाहुण्यांनी पेढे खायचे. तिकडे महाराष्ट्रात म्हणे हे आता पुष्कळ कमी झालं आहे. आम्ही इंदूरकर मात्र पूर्वजांनी बरोबर आणलेलं गाठोडं सोडत नाही, आतलं सामान कुजलं तरी. ताईलाही असं तांदळातलं नाव मिळालं होतं. हॉस्पिटलात तिला ओळखायला बाबा गेले होते. तिथं नाव विचारलं, तेव्हा त्यांनी स्वतः पाळण्यात ठेवलेलं नाव त्यांच्या तोंडून निघालं, आडनावही आमचंच. एका पत्राच्या बातमीदारानं ते हॉस्पिटलातून उतरवून घेतलं. दुसऱ्यानं जिजाजींना रपट्यावर गाठलं, आणि त्यांनी तांदळातलं नाव सांगितलं. बाई एक, नावं दोन, आडनावं दोन, म्हणून मरणंही दोन झाली. बुडालेले खरे नऊच जण होते.

हे जगात मला एकटीला कळणार होतं. मी गप्प बसायचं ठरवलं असतं तर पूर यादीत गेला असता आणि संध्याकाळी आईला मी 'हो' म्हणू शकले असते. दोन दिवस मी त्या ओळीकडे बघत बसले. एका डोळ्यासमोर आई होती आणि दुसऱ्यासमोर दोनदा बुडालेली ताई.

पण आमच्याकडे अशी पद्धत आहे की रेषेला जेमतेम टेकलेल्या घटनेतलं प्रत्येक नाव दुसऱ्या कोणी तरी पुन्हा तपासायचं. शेजारच्या टेबलावरच्या पोरानं ताईचं सासरचं नाव आणि जिजाजींचं नाव मतदार यादीत टाकून बघितलं आणि तो खुर्चीतून उठलाच. "मॅडम, ये आंटी तो ज़िंदा है! महू में वोट डालती है!" सगळे हसले. एकानं टाळी दिली.

मी त्यांना सांगितलं की ती माझी बहीण; यादीतलं दुसरं नावही तिचंच, हे मात्र सांगितलं नाही. हसणं थांबलं. आमचा साहेब, ज्याला सगळे भिया, म्हणजे भैया, म्हणतात आणि माझ्या मुलाच्या वयाचा असल्यामुळे मी काहीच म्हणत नाही, तो उठून माझ्या टेबलाशी आला. "सॉरी मॅडम, सच में. पर अब इसका एक कागज़ चाहिए. डेथ सर्टिफिकेट, घरवालों की चिट्ठी, कुछ भी. नहीं तो नौ रह जाएँगे और इव्हेंट गिर जाएगा."

"ती गेली. मी बघितलंय तिला," मी म्हटलं.

"मानता हूँ मॅडम. पर सोर्स में क्या लिखेंगे?"

त्याला खरंच वाईट वाटलं होतं, तो वाईट मुलगा नाही. पण सोर्सच्या रकान्यात बहीण लिहिता येत नाही. आणि मला तर आता वेगळंच खुपत होतं. ताईच्या नावानं मतदान कोण करतं?

दुसऱ्या दिवशी मी महूला गेले. ताईचं वर्षश्राद्ध व्हायच्या आधीच जिजाजींनी दुसरं लग्न केलं, तेव्हापासून आमचं येणं-जाणं तुटलं होतं. आता ते निवृत्त होऊन महूला राहतात. दार त्यांनीच उघडलं. बनियन, सुटलेलं पोट, मागे मोठ्यानं चाललेला टीव्ही. "अरे, या या! किती दिवसांनी!" म्हणाले, जणू मध्ये दिवाळीला भेट राहून गेली होती. मग आत वळून त्यांनी चहासाठी हाक मारली. ताईच्या नावानं.

म्हाताऱ्या माणसाच्या तोंडून जुनं नाव निघालं असेल, असं मला क्षणभर वाटलं. पण आतून "आणते" असं उत्तर आलं आणि एक हडकुळी बाई ट्रे घेऊन बाहेर आली.

मी विचारलं तेव्हा जिजाजींनी काही लपवलं नाही. लपवण्यासारखं काही आहे, हेच त्यांना ठाऊक नव्हतं. "अहो, लग्नात नाव तर ठेवायचंच होतं न. मी म्हटलं तेच ठेवू. राशन कार्ड बनलेलं होतं, गॅसचा नंबर लागलेला होता, वोटर लिस्टमध्ये नाव होतं. कोण चकरा मारणार?"

"आणि ताईच्या मृत्यूची नोंद?"

"ती तुमच्या बाबांच्या सांगण्यावरून हॉस्पिटलात झालीच होती न, तुमच्या आडनावानं. म्हणून तर हे जमलं."

म्हणून तर हे जमलं! लोणच्याची बरणी रिकामी झाली, विसळली आणि पुन्हा भरली. बाबांच्या तोंडून तुटल्या मनानं निघालेलं नाव या माणसाच्या सोयीचं ठरलं होतं. समोरचा चहा मला पिववेना. त्यात काही वाईट नव्हतं, त्या बिचारीनं आलंबिलं घालून केला होता, पण त्या घरातलं काहीही पोटात घ्यायची इच्छा होईना.

तरी मी आले होते ते सांगितलं. परदेशातली यादी, पूर, कागद. परदेश म्हटल्यावर त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला.

"वर्ल्ड लेव्हलला जाईल? माझं नाव पण येईल का त्यात?"

"नाही."

"काही हरकत नाही. मी लिहून देतो. माझी पत्नी अमुक अमुक, त्या पुरात गेली. सही करतो, आधारची कॉपी लावतो. अजून काय पाहिजे?"

"जिजाजी, ते नाव आता यांचं आहे. या समोर उभ्या आहेत."

"मग हिला काय फरक पडून राहिला आहे? तिकडे फॉरेनमधून कोण बघायला येतं, जिवंत आहे का मेली?"

आणि ते लिहायला बसले. चष्मा शोधला, पेन झटकून बघितलं, सुवाच्य अक्षरात लिहिलं, सही केली. ट्रे धरून उभी असलेली ती बाई आपलं मरण लिहिलं जाताना बघत होती. कप गोळा करून ती आत गेली. माझा भरलेला कपही तिनं तसाच नेला.

कागद माझ्या हातात आला. खोटं कशाला लिहू, मी तो नीट घडी करून पर्समध्ये ठेवला. भियाला हवा होता तसाच कागद होता. नवऱ्याची सही, नवऱ्याच्या आधारची प्रत. यावर कोणी बोट ठेवलं नसतं. पूर यादीत गेला असता आणि आईच्या घशातलं 'छोटी-सी' निघालं असतं. बदल्यात एक जिवंत बाई जगाच्या यादीत बुडाली असती, आणि माझी बहीण कायमची दोनदा.

ती मला फाटकापर्यंत सोडायला आली. जिजाजींनी टीव्हीचा आवाज पुन्हा वाढवला होता. मी तिला विचारलं, "तुमचं माहेरचं नाव काय?"

तिनं आधी मागे वळून बघितलं. मग हळूच सांगितलं. मग पुन्हा एकदा सांगितलं, जरा मोठ्यानं. म्हणाली, "आई गेल्यापासून कोणी बोलावलंच नाही त्या नावानं, ताई." ते नाव मी इथं लिहीत नाही. ते तिनं मला सांगितलं होतं.

मी तिला तिच्या त्या नावानं "येते हं" म्हटलं आणि निघाले. बस स्टँडवर पर्समधला कागद काढला, आधारच्या प्रतीसकट त्याचे तुकडे केले आणि पुन्हा पर्समध्येच टाकले. त्यांच्या अंगणात टाकले असते तर त्या बाईलाच झाडावे लागले असते.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी ताईचं सासरचं नाव खोडलं. तक्ता असं काही खोडलं की कारण विचारतो आणि कारणंही स्वतःच पुढे ठेवतो. मी त्यातलं 'दुबार नोंद' निवडलं. दहाचे नऊ झाले. क्षणभर ती ओळ तिथं होती, ताईचं माहेरचं नाव धरून, मग करडी झाली आणि निघून गेली. रपटा गेला, जीप गेली, झोपड्या गेल्या. उरलेली आठ माणसंही गेली, ज्यांनी माझं काही वाकडं केलं नव्हतं. त्यांच्याही घरात कोणी आई असेल, हे त्या रेषेला कोण सांगणार?

"अरे यार, अच्छा-खासा इव्हेंट गया," शेजारचा पोरगा म्हणाला. भियानं मान हलवली. "एक ही तो कम था मॅडम. थोड़ा और देख लेते." तेवढ्यात पोहे आले आणि सगळे उठले. माझाही कागद कोणी तरी माझ्या टेबलावर आणून ठेवला, वर जास्तीची शेव घालून. मी तो उचलून खिडकीबाहेर फेकला असता, पण खाली दवाखान्याची पायरी आहे. तसाच झाकून ठेवला.

संध्याकाळी घरी गेले तर आई खाटेवर बसून मेथी निवडत होती. दिसत नाही तरी बोटांनी चाचपून तिला देठ कळतात. मी चपला काढल्या.

"पोचली का गं?"

महूला गेले होते हे मी तिला सांगितलं नव्हतं. तिथलं ते सगळं, त्या घरातली हाक, तो कागद, तिला कधीच सांगणार नव्हते. पण एवढ्यापुरतं खोटं बोलायची ताकद माझ्यात उरली नव्हती.

"नाही आई. नाही घेतलं त्यांनी."

"का?"

"एक माणूस कमी पडलं."

आईची बोटं मेथीवर थांबली.

"मलापण," ती म्हणाली.